सिनेमाच्या आधीच्या खेळण्यांचं किट: झोट्रोप भारी, आरसे बेकार, आणि सोबतचं माहितीपत्रक नव्याने लिहायला हवं

दर मे महिन्यात भाची पंधरा दिवस आमच्याकडे कल्याणला येते. वय दहा, चित्रं सुंदर काढते, पण हातात मोबाईल नसला की तिसऱ्या मिनिटाला "मावशी, बोअर होतंय". म्हणून यावेळी ती यायच्या आधीच ऑनलाइन एक किट मागवून ठेवलं होतं, पुठ्ठ्याचे भाग आपणच जोडायचे आणि सिनेमाच्या आधी लोक जी हलती चित्रं बघायचे ती खेळणी बनवायची. थॉमाट्रोप, फेनाकिस्टोस्कोप, झोट्रोप, फ्लिपबुक आणि प्रॅक्सिनोस्कोप अशा पाच वस्तू. १,६५० रुपये, सहा दिवसांत आलं, पॅकिंग चांगलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला कंपनीपेक्षा या वस्तूंबद्दल बोलायचंय, आणि बोलण्यासारखं भरपूर आहे.

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना फक्त घ्यावं का नको एवढंच हवंय त्यांचं काम होईल. घ्या. तक्रारी बऱ्याच आहेत, पुढे सगळ्या लिहिल्यात, पण त्यातल्या बहुतेक घरच्या घरी कात्री, काळा कागद आणि एक आरसेवाला एवढ्यात सुटतात, आणि झोट्रोप पहिल्यांदा नीट फिरला तेव्हा भाचीचा चेहरा जो झाला होता तो मला हजार-दीड हजारात दुसरीकडे कुठे मिळाला नसता.

थॉमाट्रोप पाच मिनिटांत होतो. गोल चकती, एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला पिंजरा, दोन्हीकडे दोरा बांधून पिळ द्यायचा आणि ताणायचं, की पक्षी पिंजऱ्यात. आम्ही लहानपणी शर्टाच्या बटणात दोरा ओवून फिरवायचो तसंच. लंडनचे डॉक्टर जॉन आयर्टन पॅरिस यांनी १८२५ मध्ये हे बाजारात आणलं, आणि पक्षी-पिंजरा हीच जोडी अजून चालते. एकच सांगते, दुसऱ्या बाजूचं चित्र उलटं छापलेलं असायला हवं, नाहीतर फिरवल्यावर पिंजरा डोक्यावर उभा राहतो. आमच्या किटमध्ये चारपैकी एका चकतीवर ते चुकलेलं होतं. भाचीने लगेच स्वतःची चकती केली, एकीकडे आजोबा, दुसरीकडे चष्मा.

फेनाकिस्टोस्कोप मात्र बहुतेक लोक एकदा फिरवून बाजूला ठेवतील अशी मला भीती वाटते, कारण तो कसा बघायचा हे माहितीपत्रकात धड लिहिलेलंच नाही. चकतीच्या कडेने फटी आहेत आणि आत चित्रं आहेत. चित्रांची बाजू आरशाकडे करायची, आपण चकतीच्या मागे उभं राहायचं आणि एक डोळा फटींसमोर धरून फिरणाऱ्या फटींमधून आरशात बघायचं. आम्ही कपाटाच्या आरशासमोर केलं. पहिल्यांदा भाची चित्रांकडे थेट बघत होती आणि म्हणाली नुसतं रंगांचं पाणी दिसतंय, मग तिला मागून बघायला लावलं तर ओरडलीच. हे ब्रसेल्सच्या जोसेफ प्लॅटोने १८३२ च्या अखेरीस बनवलं, आणि जवळजवळ त्याच वेळी व्हिएन्नाच्या सिमॉन श्टांफरनेही स्वतंत्रपणे तेच केलं. दोघांनीही फॅरेडेचं फिरत्या चाकांवरचं काम वाचलेलं होतं, ते १८३१ चं. म्हणजे विजेवाला फॅरेडे तोच, त्याने दात्यांची दोन चाकं एकामागे एक फिरवली की मागचं चाक थांबल्यासारखं दिसतं याचा अभ्यास केला होता.

माहितीपत्रकात लिहिलंय की प्लॅटो सूर्याकडे एकटक बघून आंधळा झाला. ही गोष्ट खूप ठिकाणी सांगतात, पण मुलांना अशी अर्धवट सांगू नये. त्याने सूर्याकडे बघितलं ते १८२९ मध्ये, दृष्टी पूर्ण गेली ती १८४३ च्या आसपास, मधे चौदा वर्षं, आणि नंतरच्या डॉक्टरांचं मत असं की त्याला डोळ्यांच्या आतल्या सुजेचा जुना आजार होता. (सूर्याकडे बघू नका हे मुलांना सांगायलाच हवं, त्यासाठी खोटी गोष्ट कशाला लागते.) मला जास्त मोठं वाटतं ते हे की दिसायचं बंद झाल्यावरही या माणसाने घरच्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या मदतीने साबणाच्या फुग्यांवर आणि पडद्यांवर संशोधन चालू ठेवलं, इतकं की गणितात आजही त्या प्रश्नाला त्याचं नाव आहे. ते त्या पत्रकात असतं तर भाचीने दोनदा वाचलं असतं.

आता झोट्रोप, या किटचा जीव. उभा ड्रम, २० सेंटीमीटर व्यासाचा, वरच्या अर्ध्या भागात १२ फटी, खालच्या अर्ध्यात आतून १२ चित्रांची पट्टी बसवायची, ड्रम फिरवायचा आणि फटींमधून समोरच्या आतल्या बाजूला बघायचं. आरसा लागत नाही, आणि फेनाकिस्टोस्कोप एका वेळी एकालाच दिसतो तसं इथे नाही, चौघं चार बाजूंनी बघू शकतात. आम्ही तसंच बघितलं, मी, भाची, बाबा आणि शेजारचा मुलगा. ब्रिस्टलच्या विल्यम जॉर्ज हॉर्नरने याचं वर्णन १८३४ मध्ये छापलं, तेव्हा त्याने नाव दिलं होतं डेडॅलियम. इंजिनिअरिंग केलेल्यांनी समीकरणांची हॉर्नर मेथड शिकलेली असेल ना, तोच हॉर्नर. पण खेळणं म्हणून ते त्याच्या हयातीत चाललं नाही, तीस-बत्तीस वर्षं तसंच पडून राहिलं आणि १८६७ मध्ये अमेरिकेत विल्यम लिंकनने पेटंट घेतलं, झोट्रोप हे नाव त्याचं, आणि मिल्टन ब्रॅडली कंपनीने विकायला सुरुवात केल्यावर ते घराघरात गेलं. लिंकनने केलेला बदल लहान दिसतो पण तोच खरा महत्त्वाचा, फटी वर नेल्या आणि चित्रं खाली, त्यामुळे पट्ट्या बदलता येऊ लागल्या. नवीन पट्टी आणा, नवीन खेळ बघा.

तर किटमधल्या झोट्रोपमध्ये तीन चुका आहेत.

पहिली, ड्रमची बाहेरची बाजू चकचकीत, रंगीत आणि फुलाफुलांची आहे. दिसायला छान, पण बघताना पूर्ण वाट लागते, कारण आपण फटींमधून आतलं बघत असतो आणि बाहेरचा तो चकचकीत कागद दिव्याचा उजेड डोळ्यात परत फेकत असतो. जुने झोट्रोप बाहेरून काळे असायचे ते उगीच नाही. आम्ही स्टेशनरीच्या दुकानातून काळा कार्डपेपर आणून बाहेरून चिकटवला आणि टेबल लॅम्प बरोबर ड्रमच्या वर आणला, लगेच दुप्पट स्पष्ट दिसायला लागलं.

दुसरी, फटी फार रुंद आहेत, पाच मिलिमीटरच्या. रुंद फट म्हणजे उजेड जास्त पण चित्र फिस्कटलेलं, अरुंद फट म्हणजे चित्र कोरून काढल्यासारखं पण अंधुक. आम्ही काळ्या कागदाच्या पट्ट्या लावून तीन मिलिमीटरवर आणल्या, तिथे जमलं. हे करताना भाचीने एक फट मुद्दाम पाच मिलिमीटरचीच ठेवली आणि बाकी अकरा अरुंद, तर दर फेरीला एकदा घोडा भस्सकन उजळायचा. हे तिने तिचं तिनेच शोधलं.

तिसरी चूक जरा मजेची आहे. घोड्याची पट्टी मायब्रिजच्या फोटोंवरून केलेली आहे, १८७८ ला पालो आल्टोमध्ये १२ कॅमेरे ओळीने लावून त्याने पळता घोडा टिपला होता ते फोटो, पण किटवाल्यांनी ते जसेच्या तसे छापलेत. आणि झोट्रोपमध्ये चित्र आडवं आकसतं. का, तर आपल्या जवळची फट एका दिशेने जात असते आणि समोरचं चित्र उलट दिशेने, त्यामुळे चित्राचा प्रत्येक भाग फटीसमोरून घाईघाईत निघून जातो आणि सगळं मिळून बारीक दिसतं. म्हणून घोडा महिनाभर उपाशी ठेवल्यासारखा दिसतो. भाचीने उड्या मारणारा चेंडू काढला तर तो उभ्या अंड्यासारखा दिसला. मग तिने रुंदी वाढवत वाढवत जाऊन दीडपट रुंद चेंडू काढले, कागदावर ते वडे दिसत होते, आणि फटीतून बघितल्यावर गोल चेंडू! तिला सांगितलं की जेम्स क्लार्क मॅक्सवेललाही हेच खटकलं होतं, त्याने फटींच्या जागी अंतर्गोल भिंगं बसवून हा दोष काढला. विद्युतचुंबकीय लहरींचं गणित मांडणारा माणूस बसून या खेळण्यासाठी पट्ट्या रंगवायचा, हे ऐकून आमचे बाबा फार खूश झाले.

बाबांनीच मग माळ्यावरून जुना रेकॉर्ड प्लेअर काढला. हाताने फिरवलं की वेग कमी-जास्त होतो म्हणून त्यांनी ड्रमच्या तळाला बरोबर मध्ये भोक पाडून तो प्लेअरवर बसवला. ३३ च्या स्पीडला, म्हणजे मिनिटाला साधारण ३३ फेऱ्या, सेकंदाला साधारण साडेसहा चित्रं पडतात, घोडा लंगडल्यासारखा गचके खात जातो. ४५ ला बरोबर ९, बरं आहे पण अजून सुटं सुटं. ७८ ला साडेपंधरा, आणि तिथे घोडा पळायलाच लागला, एकदम, लोण्यासारखा. कुणाकडे तिन्ही स्पीडचा प्लेअर पडून असेल तर हे नक्की करून बघा, चित्रांचे हलणारे तुकडे कधी सलग हालचाल होतात ती सीमा डोळ्यांसमोर ओलांडली जाते. आणि एका पट्टीवर १३ बेडूक आहेत, फटी १२ च, तर ते बेडूक उड्या मारता मारता गोल पुढे सरकत राहतात, तिला वाटलं छपाईची चूक आहे, पण ती युक्ती जुन्या पट्ट्यांमध्येही असायची.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते. माहितीपत्रक फक्त इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठी नाही, हे एक झालं. पण त्यात चित्रं का हलतात याचं जे कारण दिलंय ते असं की बघितलेलं चित्र डोळ्यात सेकंदाचा काही भाग टिकून राहतं, ते जायच्या आत पुढचं येतं, म्हणून हालचाल दिसते. आपण सगळ्यांनी शाळेत हेच शिकलो, दृष्टिसातत्य, मार्कांसाठी पाठ केलं. आणि हे कारण चूक आहे हे दाखवायला याच किटचा हाच झोट्रोप पुरेसा आहे. ड्रम फिरत असताना फटींमधून बघू नका, वरच्या काठावरून आत बघा. तीच पट्टी, तोच वेग, तेच डोळे. काय दिसतं? करडा पट्टा, नुसता फराटा. डोळ्यात चित्र टिकल्यामुळे काही होत असेल तर ते हेच, सगळी बारा चित्रं एकमेकांत लडबडतात. आता डोकं खाली करून फटीतून बघा, घोडा पळतोय. म्हणजे चित्र टिकून राहण्यापेक्षा प्रत्येक चित्र वेगळं आणि क्षणभर स्थिर दिसणं आणि मधे अंधार येणं, हे गरजेचं आहे. मग एका स्थिर चित्रापासून दुसऱ्या स्थिर चित्रापर्यंतची हालचाल आपला मेंदू स्वतः भरतो. थॉमाट्रोपला डोळ्यात टिकण्याचं कारण चालेल, तिथे दोन चित्रं एकत्रच व्हायची असतात, काही हलत नाही. झोट्रोपला ते पुरत नाही.

भाचीला मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. फक्त म्हटलं वरून बघ आणि मग फटीतून बघ आणि पत्रकात लिहिलंय ते पटतंय का सांग. ती चार-पाच वेळा वर-खाली झाली आणि म्हणाली "मावशी, चित्र डोळ्यात राहिलं असतं तर वरूनपण घोडा दिसला असता ना?" पत्रक लिहिणाऱ्यांनी स्वतःचं खेळणं एकदा वरून बघितलं असतं तर बरं झालं असतं, कारण मुलाच्या हातात पुरावा द्यायचा आणि सोबत त्याच्याशी न जुळणारं स्पष्टीकरण द्यायचं याने मूल एक तर स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायला शिकतं नाहीतर विचारायचं सोडून देतं.

त्यात भर म्हणजे पत्रकात या शोधाचं श्रेय पीटर मार्क रॉजेटला दिलंय. हा तोच थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, करणारा रॉजेट. त्याचा १८२४ चा निबंध होता तो उभ्या फटींमधून बघितल्यावर गाडीच्या चाकाचे आरे वाकडे का दिसतात याबद्दल, त्यात हलत्या चित्रांचा विषयच नाही. आणि मेंदूच्या बाजूने ज्याने हा प्रश्न खरा धरला त्या माक्स वेर्टहायमरचं नाव पत्रकात नाही. सांगतात की १९१० मध्ये तो रेल्वेने प्रवास करत असताना फ्रँकफर्टला मधेच उतरला, दुकानातून असलंच एक फिरकीचं खेळणं विकत घेतलं आणि हॉटेलच्या खोलीत प्रयोग सुरू केले. १९१२ मध्ये त्याने निबंध छापला आणि तिथून मानसशास्त्राची एक आख्खी शाखा उभी राहिली. खेळण्यांच्या किटमध्ये खेळण्यापासून सुरू झालेली ही गोष्ट नसावी याचं मला खरंच वाईट वाटलं.

प्रॅक्सिनोस्कोप शेवटी बनवला कारण तो सगळ्यात किचकट. एक उथळ ड्रम, आतल्या कडेला चित्रांची पट्टी, आणि मधोमध बारा आरशांचा खांब. आरशांचा खांब बाहेरच्या ड्रमच्या बरोबर निम्म्या व्यासाचा हवा, म्हणजे प्रतिबिंब ड्रमच्या मध्यावर पडतं आणि ड्रम फिरला तरी जागचं हलत नाही. फटी नाहीत, अंधार नाही, त्यामुळे लख्ख दिसतं. इथे अंधाराचं काम आरसा करतो, प्रत्येक चित्राला क्षणभर उभं करतो.

किटमध्ये आरसे दिलेत ते प्लास्टिकचे, पातळ, वाकणारे. चिकटवल्यावर प्रत्येकाला वेगळा बाक आला आणि सर्कशीतली मुलगी बारा ठिकाणी बारा प्रकारे मुरडायला लागली. दोन आरशांवर आधीच चरे होते. कंपनीला लिहिलं, उत्तर आलं की पुठ्ठ्याचे भाग बदलून देऊ पण आरसे नाही. मग स्टेशनजवळच्या फ्रेमवाल्याकडून दोन मिलिमीटरच्या आरशाच्या बारा पट्ट्या कापून आणल्या, २.६ सेंटीमीटर रुंद, कडा घासून घेतल्या, १२० रुपये. भाचीला त्यांना हात लावू दिला नाही, मीच बसवल्या. काचेच्या वजनाने ड्रम आता जास्त वेळ फिरतो हा एक फायदाच झाला. आणि दिसतं काय सांगू! रंग जिवंत, कडा स्थिर, लुकलुक जवळजवळ नाही. झोट्रोपवरून उठून याच्याकडे आलं की कळतं १८७७ मध्ये याचं पेटंट घेणाऱ्या एमिल रेनोला किती आनंद झाला असेल.

या रेनोबद्दल पत्रकात एक ओळ आहे, "फ्रेंच शिक्षक". बस. या माणसाने पुढे बारा चित्रांची मर्यादाच मोडली. लांब लवचिक पट्टी, तिच्यात हाताने रंगवलेली चित्रं, कडेला भोकं, ती एका रिळावरून दुसऱ्यावर गुंडाळायची आणि आरसे-भिंगांमधून पडद्यावर टाकायची. २८ ऑक्टोबर १८९२ ला पॅरिसच्या म्युझे ग्रेव्हँमध्ये त्याने लोकांना खेळ दाखवायला सुरुवात केली, सिनेमावाल्या ल्युमिएर बंधूंच्या तीन वर्षं आधी. एका खेळाची पट्टी ५०० चित्रांची, ३६ मीटर लांब, आणि तो ती स्वतः हाताने पुढे-मागे फिरवत पंधराएक मिनिटं चालवायचा. १९०० पर्यंत पाच लाखांहून जास्त लोकांनी हे बघितलं. नंतर सिनेमाने त्याचं सगळं गिळलं, आणि निराशेच्या भरात त्याने आपली यंत्रं फोडली, बहुतेक पट्ट्या सीन नदीत टाकल्या. दोनच पट्ट्या उरल्या. ते मी भाचीला संध्याकाळी सांगितलं तर ती बराच वेळ गप्प होती, मग विचारलं "त्याने परत नाही काढली चित्रं?"

आणि १८९२ हे साल बघून मी थबकले ते वेगळ्या कारणाने. त्याच वर्षी इथे आमच्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धनांनी शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. काचांवर बारीक रंगवलेली चित्रं, मॅजिक लँटर्नमधून पडद्यावर, भराभर बदलत हालचालीचा भास, आणि रामायण-महाभारतातल्या कथा. ल्युमिएरची फिल्म मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये दाखवली गेली ७ जुलै १८९६ ला, त्याच्या चार वर्षं आधी. २०१८ मध्ये यातल्या साडेतीनशेहून जास्त काचा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आल्या. किट आपल्याकडे बनतं, आपल्याकडे विकलं जातं, आणि त्यात लंडन, ब्रसेल्स, पॅरिस सगळं आहे पण कल्याण नाही. एक पान वाढवायला किती खर्च येणार होता? मी कल्याणात वाढले आणि मलाही हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

फ्लिपबुक चांगलं आहे, कागद जाड, पानं सटकत नाहीत. बर्मिंगहॅमच्या जॉन लिनेटने १८६८ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. कोरी पानं अजून द्यायला हवी होती, वीसच दिलीत आणि ती एका दुपारी संपली.

कुणी मागवणार असेल तर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी नको, पुठ्ठ्याच्या खाचा घट्ट आहेत आणि मोठ्यांनाच कटर धरावा लागतो. आरसे आधीच कापून आणा. झोट्रोपची पट्टी काढताना बारावं चित्र पहिल्याला जोडलं गेलं पाहिजे हे मुलांना सुरुवातीलाच सांगा, आमच्याकडे पहिली पट्टी दूध उतू जाण्याची होती, तर ते उतू जाऊन झालं की एका झटक्यात पातेल्यात परत. मग भाचीने ती बदलली, आता दूध वर येतं, तेवढ्यात एक हात येऊन गॅस बारीक करतो, दूध खाली बसतं, हात मागे जातो, दूध परत वर. तो हात आजीचा आहे, बांगड्या आहेत त्यात. भाची गेल्या रविवारी घरी गेली, पट्टी इथेच ठेवून गेली, आणि बाबा संध्याकाळी चहा झाला की ती ७८ वर लावून बसतात.